गाठोड्याच्या बाजूने अकरा हात

देवस्थळी सरांना आयुष्यातली पहिली कायदेशीर नोटीस आली ती एकोणसत्तराव्या वर्षी, आणि तीही एका गाठोड्यापायी.

सर तेव्हा डोंबिवली पूर्वेच्या आपल्या तळमजल्यावरच्या क्लासात ज्येष्ठ नागरिकांच्या तुकडीला ईमेलने फोटो पाठवायला शिकवत होते. "नातवाच्या मुंजीचे दोनशे फोटो एकेक करून पाठवत बसाल तर त्याचं लग्न येईल. सगळ्यांचं एक गाठोडं बांधा आणि ते पाठवा," असं म्हणून त्यांनी माऊस हातात घेतला, तोच कुरिअरवाला दारात उभा. पाकीट फोडलं तर आत चार पानं इंग्रजी. मथितार्थ एवढाच, की ठाण्याच्या एका कंपनीने फाइली साठवण्याच्या आणि पाठवण्याच्या सेवेसाठी 'गाठोडं' हे नाव रीतसर नोंदवलं आहे, तरी श्री. आनंद देवस्थळी यांनी तो शब्द आपल्या पुस्तिकेतून, व्हिडिओंतून आणि शिकवण्यातून पंधरा दिवसांत काढून टाकावा.

"काय आलंय सर?" पहिल्या बाकावरच्या एका आजोबांनी विचारलं.

"मला बोलायची बंदी आलीय," सर म्हणाले आणि हसले. पण त्या दिवशी त्यांनी क्लास अर्धा तास आधी सोडला. एकोणतीस वर्षांत असं फारदा झालेलं नव्हतं.

एकोणतीस वर्षांपूर्वी, म्हणजे शहाण्णव साली, बँकेतली नोकरी सोडून आनंद देवस्थळींनी याच खोलीत तीन कॉम्प्युटर आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मांडला होता. प्रिंटर सुरू झाला की शेजारच्या बिऱ्हाडातलं बाळ जागं व्हायचं, म्हणून दुपारी दोन ते चार छपाई बंद. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसून आत यायचं, पडद्याला बोट लावायचं नाही. मुलं देवळात आल्यासारखी यायची. पुस्तकं सगळी इंग्रजीत. मराठी शाळेतली पोरं ते शब्द घोकायची आणि घरी जाईपर्यंत विसरायची. तेव्हा सरांनी एक प्रथा पाडली. तिचं नाव शनिवारचा शब्द.

दर शनिवारी सर एक इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायचे आणि ती वस्तू काय काम करते ते करून दाखवायचे. मग ज्याला जो मराठी शब्द सुचेल तो त्याने सांगायचा. सगळे शब्द फळ्यावर चढले की हात वर. ज्या शब्दाला जास्त हात, तो क्लासात चालू. सरांनाही एकच हात. शब्द देणाऱ्याला बक्षीस म्हणजे त्याच्या नावाचा एक छापील कागद, कडेला भोकांच्या पट्ट्या असलेला. त्यावर शब्द, देणाऱ्याचं नाव, बाजूने हात वर करणाऱ्यांची नावं, आणि पडलेले शब्दही, कुणाचे ते सांगून. पडलेले शब्द छापायची कल्पना सरांचीच. हरलेल्याचीही नोंद राहावी, असं ते तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणायचे.

अशा किती शनिवारी किती शब्द झाले! बरेचसे टिकले नाहीत. पण झिप फाइलसाठी आलेलं 'गाठोडं' मात्र असं रुळलं की या क्लासातून शिकून ज्यांनी पुढे आपले क्लास काढले, तेही कल्याणपासून दिव्यापर्यंत 'गाठोडं बांधा, गाठोडं सोडा' असंच शिकवू लागले. सरांच्या पुस्तिकेत ते छापून आलं. एका स्थानिक साप्ताहिकाने मुलाखत घेतली. हा शब्द सुचला कसा, असं त्या वार्ताहराने विचारलं, आणि सर उत्तर देणार तोवर त्याने 'आनंदरावांना सुचलेला' असं लिहूनही टाकलं. सर खोटं बोलायला निघाले नव्हते. खरं सांगायचं तेवढं राहून गेलं. पुढच्या सत्कारात त्यात त्यांची आई आली, तिसऱ्या भाषणात आईची पेटी आली आणि पेटीतलं गाठोडं आलं. वीस वर्षं सांगून सांगून ती पेटी सरांना डोळ्यांसमोर दिसायला लागली होती. हेमाताई, त्यांच्या पत्नी, अशा भाषणांच्या वेळी पहिल्या रांगेत बसून पर्समधली बडीशेप शोधत राहायच्या.

दुसऱ्या दिवशी सर ठाण्याला देवयानीकडे गेले. देवयानी दोन हजार एकच्या तुकडीतली, आता वकील. सरांना बघून ती खुर्चीतून उठली आणि अशिलांसमोर वाकून नमस्कार केला, तेवढ्याने सरांना बरं वाटलं.

"सर, घाबरू नका," नोटीस वाचून ती म्हणाली. "जो शब्द त्या धंद्यात सगळेच वापरतात, तो एकट्याला कुलपात घालता येत नाही. पण तो आधीपासून वापरात होता हे दाखवायला लागतं. यांची नोंदणी दोन हजार एकवीसची आहे. त्याच्या आधीचा काहीतरी कागद द्या. तारखेचा."

"पुस्तिका आहे की!"

देवयानीने पुस्तिका उलटीपालटी केली. "साल कुठाय?"

साल नव्हतं. छपाईच्या वेळी शुद्धलेखन चार वेळा तपासणाऱ्या सरांनी साल घालायचं राहू दिलं होतं. पुस्तिका कधीही जुनी वाटू नये हा त्यामागचा हेतू. शनिवारच्या शब्दांची वही दोन हजार पाचच्या जुलैत तळमजल्यावर छातीइतकं पाणी चढलं तेव्हाच गेली. मुलाखतीचं कात्रणही तिच्याबरोबर गेलं, आणि ते साप्ताहिक कधीच बंद पडलेलं. व्हिडिओ सगळे अलीकडचे.

"मी स्वतः सांगेन की मी इथे शिकले," देवयानी म्हणाली. "पण सर, मी तुमची वकील. माझ्या शब्दाला वजन नाही. कागद शोधा."

आणि कागद शोधत असतानाच सुश्रुत आला.

सुश्रुत म्हणजे ती कंपनीच. बाळकुमच्या टॉवरमध्ये राहणारा, चाळिशीचा, दाढी राखलेला माणूस. पण चपला बाहेर काढून, पाय पुसून आत आला तेव्हा सरांना त्याच्या आत आठवीतला शेंबडा सुश्रुत दिसला, अठ्ठ्याण्णवच्या तुकडीतला. पहिल्या दिवशी त्याने फ्लॉपी उलटी घातली होती.

"सर, नोटीस माझ्या नकळत गेली हो. वकिलांनी सरसकट पाठवलेल्या. तुम्हाला गेली कळल्यावर मला जेवण गेलं नाही." तो खरंच शरमला होता. "आणि नाव मी तुमच्यावरूनच ठेवलंय, सर. पार्टनर म्हणत होते इंग्रजी ठेव, क्लाउड-बिउड. मी म्हटलं, नाही. आमच्या सरांचा शब्द आहे."

सरांचा राग तिथल्या तिथे विरघळला. सुश्रुतने पिशवीतून एक कागद काढला. कंपनीच्या ॲपवर सरांचा फोटो लावायचा, त्याखाली लिहायचं: 'गाठोडं या शब्दाचे जनक'. ठाण्यात कार्यक्रम, शाल, सगळं काही. सरांनी फक्त सही करायची, की हा शब्द मी घडवला आणि स्वखुशीने कंपनीला दिला. मग सरांना तो आयुष्यभर वापरायची मोकळीक.

"आणि बाकीचे क्लास?" सरांनी विचारलं.

सुश्रुतने प्रिंटरच्या रिकाम्या टेबलाकडे बघितलं. "त्यांना दुसरा शब्द शोधायला लागेल, सर. नाहीतर नोंदणीला अर्थ काय? शनिवारी येतो. तोवर वाचून ठेवा."

त्या संध्याकाळी सरांनी कागद सात वेळा वाचला. खरं सांगायचं तर कागद नव्हेच. ते एकच ओळ वाचत होते. जनक! सरकारी पुरस्कार नाही, विद्यापीठाचं बोलावणं नाही, एका खोलीत जन्म गेलेला माणूस. त्याला म्हातारपणी कुणी जनक म्हणत असेल तर जीभ चाळवणारच. बाकीचे क्लास आपापलं बघून घेतील, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

"सही करताय?" हेमाताईंनी चहा ठेवत विचारलं.

"विचार करतोय. शेवटी शब्द माझा आहे. द्यायचा की नाही हे मी ठरवणार."

हेमाताई समोर बसल्या. "अहो, इतकी वर्षं मी काही बोलले नाही. सभेत नवऱ्याची फजिती कशाला, म्हणून बडीशेप खात बसले. पण आता सही करायला निघालात म्हणून सांगते. तो शब्द रंगूबाईचा."

"कोण रंगूबाई?"

"कोण रंगूबाई! माझ्या दोन साड्या आणि तुमची लग्नातली सफारी घेऊन मला स्टीलचं पातेलं दिलं ती. आपली बोहारीण! माझ्याशी तासभर घासाघीस करून खाली उतरायची आणि तुमच्या दारात दम खायला टेकायची."

"काहीतरीच. आईच्या पेटीत..."

"सासूबाईंकडे पेटी नव्हती. कपाट होतं."

सर ताडकन उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बायकोवर संतापायला कारण शोधत होते, पण मिळेना. कारण कपाटच होतं. हिरवं, एक दार नीट न लागणारं. आणि कपाट आठवलं तसं मागचं सगळंच हळूहळू आठवायला लागलं.

नोव्हेंबरातला शनिवार. फळ्यावर 'झिप'. पोरांचा प्रकल्प फ्लॉपीत मावत नव्हता, तो सरांनी आवळून एवढासा करून दाखवला. दारात रंगूबाई कपडे बांधत बसलेली. डोंगराएवढा ढीग, त्यावर गुडघा देऊन ती चार टोकं खेचत होती. पडद्याकडे बघून ती म्हणाली होती, "मास्तर, हे तर गाठोडंच की वो!" आणि पोरं हसली होती, चिडवण्यासाठी नव्हे, एकदम कळलं म्हणून.

"तिला कागद दिला होता का आपण?" सरांनी गॅलरीतूनच विचारलं.

"दिलाच असणार. तुमचा नियम ना!" हेमाताई म्हणाल्या. "आणि रंगूबाईने तो टाकला नसणार. लोकांनी टाकलेलं जपणारी बाई ती. तिच्या नातीचा, सोनलचा नंबर आहे माझ्याकडे. दिव्याला असतात."

शुक्रवारी दोघं रिक्षाने निघाली. शीळफाट्याला नेहमीसारखं सगळं ठप्प. तिथे पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात सरांच्या मनात दोन विचार भांडत होते. कागद मिळावा, म्हणजे सगळ्यांचा शब्द वाचेल. कागद मिळू नये, म्हणजे आपली शोभा वाचेल. त्यातला दुसरा जरा जास्त मोठ्याने बोलत होता.

दिव्यात रंगूबाईंचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा खड्डा होता पण लिफ्ट नव्हती. जिन्यात पाण्याचे निळे पिंप ओळीने मांडलेले. सोनलने दार उघडलं. आत पलंगावर रंगूबाई बसल्या होत्या, पार वाळलेल्या, पण डोळे तेच, कापडाचा पोत लांबून ओळखणारे.

"वहिनी!" त्यांनी हेमाताईंना आधी ओळखलं. मग सरांकडे बघून पदर सावरला. "मास्तर, तुमी? माझ्या घरी?"

चहा झाला. सरांनी नोटीस समजावून सांगितली, जमेल तेवढी सोपी करून. रंगूबाई ऐकत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठ्या वाढत होत्या.

"म्हंजे गाठोडं म्हणायचं न्हाई कुणी?"

"कॉम्प्युटरच्या बाबतीत नाही म्हणायचं."

"ही कुठली रीत? आवं, आमी जुनेर घेतलं तर भांडं देतो. ह्यांनी शब्द घेतला, बदल्यात दिलं काय लोकांना?"

हेमाताईंना हसू फुटलं. सरांना फुटलं नाही. ते खाली बघत म्हणाले, "रंगूबाई, तो शब्द तुम्ही दिला होता. मी मात्र सगळीकडे माझा म्हणून सांगत आलो."

"माझा कसला? माझी आईबी गाठोडंच म्हणायची, तिची आईबी. मी काय ते नवं काढलं?" रंगूबाईंनी रिकामी कपबशी बाजूला सारली. "पर हात वर झालेले ना, मास्तर, त्ये माझ्यासाठी झालेले. आमच्यासाठी लोक दार लावून घ्यायचे. हात वर झालेले त्याच दिवशी."

त्यांनी सोनलला खूण केली. सोनलने पलंगाखालून एक चौकोनी, जुन्या साडीत बांधलेलं गाठोडं ओढलं. रंगूबाईंनी स्वतःच्या हाताने गाठ सोडली. आत नवऱ्याचा फेटा, नातीची पहिली कुंची, रेशनकार्ड, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्यांचा एक कागद. कडेच्या भोकांच्या पट्ट्यासुद्धा फाडलेल्या नव्हत्या. शाई करडी झाली होती, पण अक्षर न् अक्षर लागत होतं.

शनिवारचा शब्द. दिनांक १४ नोव्हेंबर १९९८. इंग्रजी: झिप फाइल. ठरलेला शब्द: गाठोडं. देणार: रंगूबाई. बाजूने हात: अकरा. त्याखाली अकरा नावं. आणि सगळ्यात खाली: पडलेला शब्द: संकोचित धारिका. देणार: सर. बाजूने हात: एक, सरांचा.

सरांनी ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. म्हणजे नुसता शब्द दुसऱ्याचा होता असं नाही. आपण त्याच्या विरुद्ध होतो. संकोचित धारिका! आणि वर वीस वर्षं शाली घेतल्या. त्यांना इतकी लाज वाटली की कान तापले, आणि दुसऱ्याच क्षणी त्या खोलीची, त्या कर्कश प्रिंटरची, त्या पोरांची अशी काही आठवण आली की डोळे भरून आले. तेव्हाचा तो माणूस किती सरळ होता! बोहारणीकडून हरला, आणि आपली हार स्वतःच छापून तिच्या हातात दिली. त्या माणसाला सर कितीतरी वर्षांत भेटले नव्हते.

"चालंल का मास्तर, ह्यो कागद?" रंगूबाईंनी विचारलं.

"चालेल," सर म्हणाले. "पण तुम्हीही चला. उद्या शनिवार आहे."

शनिवारी क्लासात ज्येष्ठांची तुकडी होती, देवयानी ठाण्याहून आली होती, आणि पहिल्या बाकावर, सरांनी मुद्दाम राखलेल्या जागी, सोनलच्या आधाराने आलेल्या रंगूबाई बसल्या होत्या. दारात नव्हे, आत. सुश्रुत आला तेव्हा गर्दी बघून जरा बिचकला.

"सर, कागदावर सही...?"

"बघू. आधी हे वाच. मोठ्याने."

सुश्रुतने भोकांच्या पट्ट्यांचा तो कागद हातात घेतला आणि वाचायला लागला. तारखेपाशी त्याचा हात वकिलाला फोन करायला खिशाकडे गेला. रंगूबाईंच्या नावापाशी त्याने वर बघितलं. मग नावं सुरू झाली. रतन. प्रितम. माया. कल्पिता. सातव्या नावापाशी तो थांबला.

"वाच ना," देवयानी म्हणाली.

"सुश्रुत," तो म्हणाला. मग त्याने कागद बाकावर ठेवला.

"सर, मला खरंच वाटायचं तुमचा आहे."

"मलाही वाटायला लागलं होतं," सर म्हणाले. "तुझी चूक नाही. मीच तसं सांगत आलो. पण तुला हवी असलेली सही मी करू शकत नाही, कारण माझ्या मालकीचं यात काहीच नाही. हा कागद देवयानी नोंदणी कार्यालयात लावणार आहे, शेवटच्या ओळीसकट."

"कंपनीत मी एकटा नाही, सर. पार्टनर ऐकायचे नाहीत."

"त्यांना सांग, आमच्या सरांनाही एकच हात होता," सर म्हणाले.

सुश्रुत रंगूबाईंसमोर जाऊन उभा राहिला. रंगूबाईंनी त्याच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून कापड चाचपलं. "चांगलं हाय. टिकंल," त्या म्हणाल्या. "तुज्या दुकानाला नाव राहू दे की बाबा. फक्त लोकास्नी बोलू दे."

देवयानीने मान डोलावली. नेमका हाच मसुदा तिच्या फाइलीत तयार होता. ॲपचं नाव आणि चित्र कंपनीचं. शब्द बोलायला, लिहायला, शिकवायला सगळ्यांना मोकळा. सुश्रुतने तो तिथेच उभ्याने वाचला. "सोमवारी नोटिसा मागे घेतो. सगळ्यांच्या," तो म्हणाला. "पार्टनरशी भांडायला लागलं तर भांडेन."

तो गेल्यावर सर फळ्यापाशी गेले. खडू घेऊन त्यांनी 'गाठोडं' लिहिलं, त्याखाली 'देणार: रंगूबाई'. मग वळले. ज्येष्ठांच्या तुकडीला वाटलं आता फोटो पाठवायचा धडा पुढे सुरू होणार.

"एक मत राहिलंय," सर म्हणाले. "अठ्ठ्याण्णवचं."

आणि भर वर्गात, खडूने पांढरा झालेला आपला उजवा हात त्यांनी वर केला. कुणाला काही कळलं नाही. हेमाताईंना कळलं, त्या पर्समध्ये बडीशेप शोधायला लागल्या आणि त्यांना ती दिसेना.

रंगूबाई त्या हाताकडे बघत राहिल्या.

"आता कशाला, मास्तर?" त्या म्हणाल्या. "गाठोडं तर कवाच चालायला लागलं."

"माझ्यासाठी," सर म्हणाले. आणि हात दुखायला लागेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.